संक्रांतीनंतर मोगऱ्याचं पाणी तोडा

आमच्या पुण्याच्या गच्चीवर मोगऱ्याच्या सहा कुंड्या आहेत. पहिली चार वर्षं त्या सहाही कुंड्यांनी मला नुसती पानं दिली. आणि पानं तरी कशी, गर्द हिरवी, चकचकीत, लहान मुलाच्या तळहाताएवढी! मी रोज सकाळी न चुकता पाणी घालायचे, महिन्याला खत घालायचे आणि उन्हाळाभरात मोजून पंधरा-वीस फुलं वेचायचे. मग एका जानेवारीत सांगोल्याचे मामा आले. त्यांची डाळिंबाची बाग आहे. चहाचा कप हातात घेऊन गच्चीवर फिरले, एका कुंडीत बोट खुपसलं आणि म्हणाले, "अगं, ह्याचं पाणी तोड की. लाड करतीस म्हणून माजलंय झाड."

पाणी तोडलं. झाडं छाटून नुसत्या काड्या ठेवल्या. सासूबाई दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. त्या वर्षी पाडव्याला मात्र गुढीला मोगऱ्याची माळ घरचीच होती.

मामांनी सांगितलं ते डाळिंब-संत्र्यावाल्यांना काही नवीन नाही. ते याला ताण देणं म्हणतात. बहर धरायचा असला की आधी पाणी बंद करायचं. झाडाची वाढ थांबते, पानांनी केलेलं अन्न नवीन पालवीत खर्च न होता फांद्यांमध्ये साठतं, डोळे, म्हणजे नवे कोंब फुटायच्या जागा, गप्प बसून राहतात. मग छाटणी, खत आणि भरपूर पाणी एकापाठोपाठ एक मिळालं की सगळे डोळे एकदम फुटतात. मोगऱ्यात आणखी एक गोष्ट आहे. त्याची कळी नव्या फुटव्याच्या शेंड्यावर येते, जुन्या लाकडावर नाही. म्हणजे जितके नवे फुटवे, तितके कळ्यांचे झुबके. चार लांबलचक फांद्यांचं झाड चारच शेंड्यांवर फुलेल. त्याच फांद्या आखूड कापून त्यांचे चोवीस फुटवे केलेत, तर शेंडे चोवीस. उरलेला लेख हे चोवीस कसे करायचे, एवढ्यासाठीच आहे.

कधी सुरू करायचं

थंडीने झाड आधीच अर्धवट झोपलेलं असतं. आपल्याला ती झोप पुरती लावून द्यायची आणि ऊन चढायच्या वेळेला झाडाला हलवून उठवायचं. पुणे-सातारा-कोल्हापूरकडे मी संक्रांतीला पाणी बंद करते आणि २५ जानेवारीच्या आसपास छाटते. मुंबई आणि कोकणपट्टीत थंडी म्हणजे चार दिवसांचा पाहुणा, तिथे आठवडाभर आधी सुरू केलं तरी चालतं. नाशिक, नागपूर, किंवा दिल्लीत राहणाऱ्या मराठी घरांनी घाई करू नये. नाशिक-नागपूरकरांनी रथसप्तमीपर्यंत थांबावं, दिल्लीकरांनी फेब्रुवारीचा मध्य उलटू द्यावा. रात्रीचा गारठा कायम असताना कापलेलं झाड फुटत नाही, नुसतं ताटकळत उभं राहतं.

हे मी अनुभवाने सांगते. एका वर्षी नाताळच्या सुट्टीत वेळ मिळाला म्हणून २० डिसेंबरलाच सगळी छाटणी उरकून टाकली. जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. जे चार कोवळे फुटवे निघाले होते त्यांचे शेंडे काळे पडले, आणि फेब्रुवारीत त्याच झाडांना पुन्हा कात्री लावावी लागली. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत जाते असं आपल्याकडे म्हणतात. छाटलेल्या झाडावर पहिली पालवी दिसेल तेव्हा थंडी जाण्याच्या बेतात असावी, एवढा हिशोब धरा.

पाणी तोडणं

सगळ्यात सोपं काम आणि सगळ्यात अवघड. हातातली पाण्याची झारी थांबत नाही.

कुंडीतल्या झाडाला आठ ते बारा दिवस पुरतात, कारण कुंडीत माती असतेच किती. जमिनीत लावलेल्या जुन्या झाडाला तीन-चार आठवडे लागतात, त्याची मुळं खोल गेलेली असतात. दिवस मोजण्यापेक्षा झाडाकडे बघा. आधी पानांची चकाकी जाते. मग दुपारच्या उन्हात पानं लवतात आणि संध्याकाळी परत सावरतात. इथवर सगळं ठीक. पण भल्या सकाळी, गारव्यातसुद्धा पानं लवलेलीच दिसली, तर ताण जास्त झाला. अशा वेळी एक पेला पाणी कडेकडेने सोडायचं आणि दुसऱ्याच दिवशी छाटणीला घ्यायचं.

यंदाच नर्सरीतून आणलेल्या रोपाला ताण देऊ नका. त्याच्या फांद्यांत साठवणच नसते, उगाच मरेल. मातीत बुरशी किंवा मुळांना कूज असलेल्या झाडालाही नाही. त्याला आधी चांगल्या मातीत हलवा, ताण पुढच्या वर्षी.

कात्री

सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवा. बोथट कात्रीने फांदी चिरडते आणि चिरडलेलं टोक मागे वाळत जातं. पातं आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्या, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पुन्हा पुसा.

आधी नको असलेलं सगळं काढायचं: वाळलेल्या फांद्या, आत वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या, आणि आगकाडीपेक्षा बारीक काड्या. या बारीक काड्यांवर जीव जडू देऊ नका, त्यांच्यावर कळी धरत नाही. मग बुंध्यातून निघालेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या उरतात. त्या बुंध्यापासून वीत-दीड वितीवर कापायच्या. जमिनीतलं मोठं झुडूप असेल तर गुडघ्याएवढं ठेवा. पहिल्या वर्षी हात धजत नसेल तर निम्मं कापा, फुलं थोडी कमी येतील इतकंच.

काप कुठे घ्यायचा ते नीट बघा. मोगऱ्याच्या फांदीवर पेरापेरावर समोरासमोर पानं असतात, क्वचित एकाच पेरावर तीन. प्रत्येक पानाच्या बगलेत एक बारीकसा उंचवटा दिसतो. हाच डोळा. काप त्याच्या वर पाव इंचावर, किंचित तिरका. जास्त वर घेतलात तर मधला तुकडा सुकून काळा पडतो, अगदी खेटून घेतलात तर डोळाच सुकतो. जाड कापांवर मी हळदीचा लेप लावते. बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, घरात असेल तर ती लावा.

उरलेली पानंही काढायची

इथे बरेच जण थबकतात. छाटून खुंट राहिले, त्यावर चार पानं आहेत, राहू देत बिचारी, असं वाटतं. राहू देऊ नका. जुनी पानं असली की झाड त्यांच्याच जिवावर दिवस काढतं आणि खालचे डोळे आळसावून बसतात.

पण पान ओरबाडायचं नाही. पहिल्या वर्षी मी प्रत्येक पान धरून खाली खेचलं होतं, आणि पानाबरोबर सालीचा दोराही निघून आला. डोळा नेमका त्या सालीतच असतो. त्या फांद्यांवर पुढे महिनाभर काहीही उगवलं नाही. आता मी साध्या कात्रीने पान कापते आणि देठ तसाच ठेवते. आठवड्याभरात देठ पिवळा पडतो आणि बोटाच्या टिचकीने आपोआप गळतो. डोळ्याला धक्काही लागत नाही.

हे झालं की कुंडीत पाच-सहा काड्या उभ्या दिसतात. घरातले लोक 'मेलं का ते?' विचारतील. विचारू देत.

माती आणि खत

खुरप्याने वरची दोन-तीन इंच माती मोकळी करा आणि कडेची जुनी माती काढून घ्या. वरच्या बारीक मुळांना थोडं लागलं तरी चालेल. कुंडी तशीच दोन दिवस उन्हात राहू द्या. दोन वर्षांत कुंडी बदलली नसेल तर हीच वेळ आहे. झाड गड्ड्यासकट बाहेर काढा, कुंडीच्या भिंतीला गोल गोल फिरलेली मुळं सुरीने कापा आणि नवी माती भरा. मोगऱ्याला बारा ते चौदा इंची कुंडी लागते. आठ इंचीत तो जगतो, फुलत नाही.

माती पाणी न धरून ठेवणारी हवी. शेतातली काळी माती आणून कुंडीत भरू नका. ओली असताना ती चिखल होते आणि सुकली की भेगा पडून मुळं तोडते. मी निम्मी लाल माती, त्याच्याखालोखाल चांगलं कुजलेलं शेणखत आणि उरलेल्या जागेत कोकोपीट किंवा जाड वाळू घेते. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा.

खताचं प्रमाण बारा इंची कुंडीला असं: शेणखत किंवा गांडूळखत दोन-तीन ओंजळी, निंबोळी पेंड एक मूठ, बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, दोन चमचे. बोनमील घरात चालत नसेल तर सोडून द्या, काही बिघडत नाही. सगळं मोकळ्या केलेल्या मातीत मिसळायचं, बुंध्याला खेटून नाही, कुंडीच्या कडेने. युरिया अजिबात नको. माझी पहिली चार वर्षं त्या चकचकीत पानांतच गेली. नत्र जास्त झालं की झाड पानांच्या मागे लागतं आणि कळी विसरतं.

केळीच्या सालींचं पाणी, चहाचा चोथा, तांदळाचं धुवण याबद्दल मला सारखं विचारतात. चहाचा चोथा धुतलेला असेल तर कंपोस्टात टाका. साखरेसकट कुंडीत टाकलात तर मुंग्या येतात, आणि मुंग्यांमागून मिलीबग. सालींचं पाणी घालणाऱ्यांनी खुशाल घालावं, पण त्याच्या भरवशावर शेणखत वगळू नये.

पहिलं पाणी

खत मिसळल्यावर कुंडी तुडुंब भिजवा, तळाच्या भोकातून पाणी वाहेपर्यंत. दहा मिनिटांनी आणखी एकदा. ताणाने सुकलेली माती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते, आणि पहिल्या खेपेचं पाणी बरंचसं त्या फटीतून निसटतं.

त्यानंतर धीर धरायचा. पानं नाहीत म्हणजे झाडाला पाण्याची गरजही थोडीच. वरची माती बोटाची दोन पेरं खोल सुकली की पाणी, नाहीतर नाही. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तीन-चार दिवसांनी एकदा पुरतं. मुळं कुजून मोगरा मरतो तो बहुतेक वेळा याच दिवसांत, झाड बोडकं दिसतं म्हणून रोज पाणी घातल्याने.

आठव्या-दहाव्या दिवशी सकाळी चष्मा लावून फांदी बघा. देठ गळालेल्या जागी मोहरीच्या दाण्याएवढा फिकट हिरवा ठिपका दिसेल. दोन दिवसांनी त्या ठिपक्याला टोक येतं. आणखी दोन दिवसांनी ते टोक मधोमध उकलून त्यातून मिटलेल्या पानांची जोडी डोकावते. एका पेरावर दोन्ही बाजूंना असे ठिपके असतील तर छाटणी जमली. नुसत्या वरच्या एकाच डोळ्यातून कोंब येत असेल, तर तो तीन-चार पेरांचा झाल्यावर त्याचा शेंडा नखाने खुडा. खालचे डोळे जागे होतात.

ऊन, आणि बाल्कनीतली गंमत

मोगऱ्याला पाच-सहा तास थेट ऊन हवंच. त्याहून कमी उन्हात पानं येतील, फुलं नाहीत. गच्चीवाल्यांना काळजी नाही. बाल्कनीवाल्यांचा एक घोटाळा दरवर्षी होतो. दक्षिणेकडच्या बाल्कनीत जानेवारीत ऊन आतपर्यंत येतं, कारण सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो. पुण्यात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. मार्चच्या विषुवदिनापर्यंत तो ७१-७२ अंशांवर चढतो, आणि मेच्या मध्यावर डोक्यावर येऊन शून्य सावलीचा दिवस दाखवतो. म्हणजे जसजशा कळ्या धरायला लागतात, तसतसं तुमच्या बाल्कनीतलं ऊन वरच्या मजल्याच्या छपराआड मागे सरकत जातं. जानेवारीत भिंतीला टेकवलेली कुंडी मार्चमध्ये पूर्ण सावलीत असते, आणि मग खताला दोष दिला जातो. दर पंधरवड्याला कुंडी कठड्याकडे सरकवा. मार्चअखेर ती अगदी कठड्याशी हवी, पण आतल्या बाजूला. कुंडी खाली कुणाच्या डोक्यात पडू नये.

पूर्वेच्या बाल्कनीतही मोगरा चांगला फुलतो. उत्तरेच्या बाल्कनीत मोगऱ्यावर पैसे घालू नका.

कळी धरली की

छाटणीपासून साधारण महिन्या-सव्वा महिन्याने, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीला, नव्या फुटव्याच्या टोकाशी पानांच्या आत हिरव्या बारीक सुया दिसू लागतात. नीट पाहिलं तर बहुतेकदा तीन-तीनचा झुबका असतो, मधली कळी थोडी मोठी. आधी मधली उमलते, मग बाजूच्या दोन. झाड जोमात असेल तर झुबक्यात जास्तही येतात.

आता नियम उलटा होतो. इतके दिवस पाणी आवरायचं होतं, इथून पुढे एकही दिवस चुकवायचं नाही. कळी धरल्यावर माती कोरडी पडली की कळ्या जांभळट होऊन गळतात. मार्चमध्ये रोज सकाळी पाणी, कडक उन्हात संध्याकाळीही थोडं. मातीवर वाळकी पानं किंवा उसाचं पाचट पसरलं तर ओल टिकते. या वेळी पालाशाची, म्हणजे पोटॅशची, मदत होते. कृषी केंद्रात ०:०:५० नावाचं पालाशाचं खत मिळतं, ते लिटरला दोन ग्रॅम विरघळवून पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा पानांवर फवारायचं. मूठभर शेणखत पुन्हा घातलं तरी काम भागतं.

लांबलचक, वेलासारखी सुसाट निघालेली, दूर दूर पेरांची फांदी दिसली तर तिच्या कौतुकात पडू नका. ती झाडाचं सगळं खाते आणि फुलत नाही. निम्म्यावर कापा.

कळ्यांवर नजर

कळीला बारीक भोक आणि आजूबाजूच्या कळ्या जाळीने चिकटलेल्या दिसल्या, तर ती कळी पोखरणारी अळी. असा झुबका खुडून पिशवीत बांधून टाकून द्या. कुंडीतच टाकलात तर ती मातीत उतरते आणि परत येते. मिलीबग, म्हणजे पेरांवरचा पांढरा कापूस, ओल्या फडक्याने पुसून काढता येतो. उन्हाळ्यात पानांच्या मागे बारीक लाल ठिपके आणि पानं धुरकट झाली तर लाल कोळी. त्याला पाण्याचा जोरदार फवारा मानवत नाही, रोज सकाळी पानांची खालची बाजू धुवा.

फवारायचंच असेल तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, तेही ऊन उतरल्यावर, आणि कळ्या भरायच्या आधी. कळ्या वेचायला लागल्यावर काहीही फवारू नका. ही फुलं देवाला जातात, केसांत जातात आणि आमच्याकडे पिण्याच्या माठातही जातात.

नवीन पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर लोह कमी पडतंय. बोअरच्या जड पाण्यावर वाढलेल्या मोगऱ्याचं हे नेहमीचं दुखणं. लिटरला दोन-तीन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, आठवड्याने पुन्हा एकदा. पांढऱ्या फरशीवर फवारू नका, गंजाचे डाग जात नाहीत.

कुणाला ताण, कुणाला नाही

कागदी फुलाला, म्हणजे बोगनवेलीला, हाच उपाय लागू पडतो, किंबहुना मोगऱ्याहून जास्त. अमॅरिलिसचे कांदे हिवाळ्यात कोरडे ठेवून फेब्रुवारीत पाणी दिलं की पानांच्या आधी दांडा वर येतो. अनंताला मात्र ताण देऊ नका, तो फार मानी, पाणी चुकलं की कळ्या टाकतो. गुलाब आणि जास्वंद यांनाही नाही. थंडीतले पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस मार्चमध्ये तसेही आवरतं घेतात, त्यांच्या कुंड्या उचलून उन्हाची जागा मोगऱ्याला द्या.

वेचणं आणि पुढचा बहर

जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडचे मोगरा उत्पादक पहाटे अंधारात कळ्या तोडतात, कारण माल सकाळी दादरच्या फुलबाजारात पोचायला हवा. घरी एवढी धावपळ नको. कळी संध्याकाळी उमलते. पांढरीशुभ्र होऊन फुगलेली पण टोक मिटलेली कळी चार-पाच वाजता खुडा आणि ओल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. हिरवट झाक असलेली कळी झाडावरच राहू द्या, खुडली तर ती उमलत नाही. बटमोगऱ्याची गोल कळी आणि मदनबाणाची लांब टोकदार कळी वेगवेगळ्या ओळखायला शिका, मदनबाण थोडा उशिरा फुगतो. गजरा करायचा तर कळ्याच ओवा, सात-आठपर्यंत दोऱ्यावरच फुलतात.

एका फांदीवरचा झुबका संपला की झुबक्याखालची पानांची एक जोडी धरून शेंडा कापा. दोन नवे फुटवे येतात आणि महिन्या-सव्वा महिन्याने त्यांच्यावर पुन्हा कळ्या. प्रत्येक कापानंतर मूठभर गांडूळखत. असं मार्चपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माझ्याकडे तीन बहर होतात, तिसरा जरा किरकोळ. पाऊस लागला की कात्री ठेवून द्यायची. जूनमधल्या शेवटच्या छाटणीच्या पेन्सिलीएवढ्या काड्या मात्र फेकत नाही. तीन-चार पेरांचे तुकडे करून, दोन पेरं ओल्या वाळूत जातील अशा खोचते आणि सावलीत ठेवते. गेल्या पावसाळ्यात दहातल्या सहा जगल्या. दोन मामांनी सांगोल्याला नेल्या.